हलिमादादीच्या भिंतीवरच्या मशिदी

माझ्या वडिलांचं दुकान म्हणजे कल्याणच्या खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीतलं एक अरुंद भोक होतं, आणि त्या भोकात सगळे देव एकमेकांना खेटून राहायचे. फोटोफ्रेमचं दुकान. लक्ष्मी, दत्त, मक्केचा मोठा फोटो, कुणाचे वारलेले आजोबा, कुणाच्या मुलीचं शिवणक्लासचं सर्टिफिकेट, असे सगळे भिंतीला टेकून एका रांगेत उभे. कुणाची काच बाकी, कुणाची पट्टी बाकी. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी जाग यायची ती काचेच्या आवाजानं. अण्णांची हिऱ्याची कलम काचेवरून फिरली की दात आंबवणारा एक चर्रर्र, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग टक्. काच दोन तुकडे. तो टक् ऐकू आला की आई चहा ओतायची, कारण काच नीट कापली गेली तरच अण्णा माणसात असायचे. दुसरी गोष्ट म्हणजे सरस. तपकिरी खडे पत्र्याच्या डब्यात पाण्याबरोबर उकळायचे, ते आमच्याच स्टोव्हवर, आणि त्याचा वास असा की आई म्हणायची, "माझ्या बांगड्याच्या कालवणाची काय बिशाद ह्याच्यापुढं!" बाकीचे फ्रेमवाले चित्र नुसतं पुठ्ठ्यावर ठेवून मागून खिळे मारत. अण्णा तसं करत नसत. ते चित्राच्या पाठीला सगळीकडे सरस फासून ते पुठ्ठ्यावर दाबून बसवत, म्हणजे पावसाळ्यात फुगे येत नाहीत. "चित्र फाटेल, पण सुटायचं नाही," हे त्यांचं बिरुद. कुणी म्हटलं, अहो पण मागे काही लिहिलेलं असलं तर? तर ते चष्म्यावरून बघत. "फ्रेमची पाठ कोण बघतो हो?"

आमच्या समोरच्या घरात हलिमादादी राहायची. कोकणी मुसलमान, बोलणं आमच्यासारखंच मराठी, फक्त त्याला खाडीचा वारा लागलेला. तिचे मिस्त्री, म्हणजे नवरा दाऊद मिस्त्री, गलबतं बांधणारे सुतार. ते मी जन्मायच्या आधीच गेले. मुलगा एकच, इब्राहिम, सगळ्यांचा इब्बूचाचा. तो बोटीवर स्वयंपाकी होता. वर्षातून एकदा यायचा, महिनाभर झोपायचा आणि परत जायचा. मधल्या काळात तो ज्या बंदराला लागेल तिथून आईला चित्राचं कार्ड पाठवायचा, आणि चित्र कायम मशिदीचंच. दादीला वाचता येत नव्हतं. शेजारी पुतण्या सलीमची बायको शिकलेली होती, पण "तिला वाचायला दिला की गावाला दिला" असं दादीचं तिच्याबद्दल मत. म्हणून काम माझ्याकडे आलं. मी तेरा वर्षांची, भोचक, आणि दादीच्या हातच्या सांदणावर जीव टाकणारी. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, गूळ, आणि वाफेवर फुगलेली ती जाळीदार वडी. एका कार्डाला दोन सांदणं, असा न बोलता ठरलेला व्यवहार होता.

अडचण अशी होती की इब्बूचाचा लिहायचा काहीच नाही. पहिलं कार्ड मी मोठ्या थाटात उलटं केलं आणि वाचलं, "अम्मी, मी बरा आहे. तब्येत सांभाळा." दादी वाट बघत बसली. मी पण बसले. "बस?" ती म्हणाली. "एवढ्या लांबून कागद पाठवला नि एवढाच लिवला?" तिचा चेहरा असा उतरला की मला ताटलीतलं सांदणही उतरल्यासारखं दिसायला लागलं. मी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं, जसं काही बारीक अक्षर आता सापडतंय, आणि म्हणाले, "थांब दादी, पुढं आहे." पुढं काही नव्हतं. चित्रात दगडी खांबांचं रानच्या रान होतं, आणि खांबांवर कमानी, कमानींवर पुन्हा कमानी, आणि प्रत्येक कमान लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. मी वाचलं, "अम्मी, ही स्पेनमधली मशीद. इथल्या राजाच्या आईला लाल रंग आवडायचा नि बायकोला पांढरा. दोघी हटून बसल्या. मग गवंड्यानं एक दगड सासूचा, एक दगड सुनेचा असं बांधलं." दादी इतकी हसली की तिची तपकीर सांडली. मला तीन सांदणं मिळाली.

आता मला माहीत आहे की त्या पट्ट्या म्हणजे विटा आणि दगड आलटून पालटून बसवलेले आहेत. खांब जुन्या, मोडलेल्या इमारतींतून आणलेले होते, बुटके होते, छप्पर उंच करायचं होतं, म्हणून कमानीवर कमान चढवली. माझी लेक डोंबिवलीच्या वाचनालयातून मला जाडजाड पुस्तकं आणून देते त्यात हे वाचलं. खरं कारण माझ्या कारणापेक्षा सुंदर आहे हे मी कबूल करते. मोडून पडलेल्या खांबांतून माणसानं असं रान उभं केलं म्हणजे काय! पण तेराव्या वर्षी मला कोण सांगणार होतं?

एकदा सवय लागली आणि मग मी सुटलेच. आफ्रिकेतली मातीची मशीद आली. सगळी भिंत वारुळासारखी गुळगुळीत, आणि भिंतीतून लाकडाचे दांडके बाहेर आलेले, साळिंदराच्या काट्यांसारखे. मी वाचलं, "हे दांडके पोपटांना बसायला ठेवलेत, कारण इथले पोपट बांग देतात." खरं म्हणजे दरवर्षी सगळं गाव मिळून त्या दांडक्यांवर चढतं आणि मशिदीला नव्यानं माती लिंपतं, बायका पाणी आणतात, पोरं चिखल तुडवतात. आपल्याकडे अंगण सारवतो तशी अख्खी मशीद सारवायची! हे मला तेव्हा कळलं असतं तर पोपटांची गरजच पडली नसती. इस्तंबूलचं कार्ड आलं, निळ्या फरशांचं, खाली टांगलेल्या दिव्यांचं. मी सांगितलं की कोळ्यांनी जाळी करू नयेत म्हणून दिव्यांच्या मध्ये अंडी टांगतात. हे मला आमच्या माळ्यावरची जळमटं काढताना सुचलं होतं. दादीनं दुसऱ्याच दिवशी बदकाची दोन अंडी दोऱ्यात गुंफून ओसरीच्या आढ्याला बांधली. त्यातलं एक चार दिवसांनी, कुवेतच्या नोकरीवरून सुट्टीला आलेल्या सलीमभाईंच्या डोक्यावर फुटलं. पुढं कित्येक वर्षांनी वाचलं, तर तिथं खरोखरच शहामृगाची अंडी टांगायचे, आणि कारण हेच, कोळी येऊ नयेत! मी पुस्तक मिटून एकटीच ओरडले, "बघा, मी सांगितलं नव्हतं?" घरात कुणी नव्हतं. असंच एकदा शंखासारखा गोल फिरत वर जाणारा मिनार आला, इराकचा. पायऱ्या आतून नाहीत, बाहेरून रस्ताच वर चढत गेलेला. मी म्हटलं, इथला राजा लठ्ठ होता, त्याला चढवेना, म्हणून तो गाढवावर बसून वर जायचा. आणि तिथं खलिफा पांढऱ्या गाढवावर बसून वर जायचा असं सांगतात म्हणे! मी खोटं बोलत होते की मला कुणी येऊन सांगत होतं, ह्याचा मी अजूनही नीट विचार केलेला नाही.

दादी कार्ड ऐकून झालं की ते अण्णांकडे द्यायची. अण्णा चित्राला पातळ सोनेरी पट्टी लावायचे, मागं सरस, पुढं काच. दादीची बाहेरची भिंत दोन वर्षांत भरून गेली. एकूण एकोणीस मशिदी. बायका निवडणं-टिपणं घेऊन तिच्या ओसरीवर यायच्या आणि दादी त्यांना एकेक मशीद दाखवायची, माझ्याच गोष्टी, पण माझ्याहून रंगवून. सासू-सुनेच्या कमानीपाशी तर सगळ्या एकदम बोलायला लागायच्या. माझी आई एकदा ऐकून आली आणि मला म्हणाली, "इब्राहिम फार सुंदर लिहितो नाही गं?" तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी ताबडतोब पाणी भरायला गेले.

गणपतीच्या आधीचा पंधरवडा आमच्याकडे आग लागल्यासारखा असायचा. प्रत्येकाला देवामागे नवा फोटो हवा, जुन्याची काच बदलून हवी. अशाच एका दिवशी इब्बूचाचाचं पाकीट आलं, एका पाकिटात तीन कार्डं. आई मोदकांच्या पिठाला बसलेली, अण्णांच्या तोंडात खिळे, माझ्या हातात सरसाचा ब्रश. मी दोन कार्डं उलटी करून बघितली. मी बरा आहे, तब्येत सांभाळा. मी बरा आहे, तब्येत सांभाळा. तिसरं बघायचं कारणच नव्हतं. त्याचं चित्र तेवढं बघून घेतलं, कारण चित्र वेगळंच होतं: घुमट नाही, मिनार नाही, एकावर एक चढवलेली तीन उतरती छपरं, वर जाताना लहान होत गेलेली. अण्णा खिळ्यांमधून म्हणाले, "दे इकडं, ब्रश ओला आहे तोवर तिन्ही चिकटवून टाकू." मी दिली. संध्याकाळी दादीला सांगितलं, "ही सिंगापूरची. तीन भाऊ होते, प्रत्येकाला आपलं वेगळं छप्पर हवं होतं." गडबडीत रचलेली गोष्ट, मलाही फारशी आवडली नव्हती. दादी मात्र त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. "हिला घुमट नाय," ती म्हणाली. "आपल्यासारखीच."

कारण आमच्या गल्लीतली मशीदही तशीच होती. लांबून बघितली तर कौलारू घर. मी आत गेले नव्हते, पण खाडीकडच्या खिडकीच्या गजातून पुष्कळदा डोकावले होते. आणि आत वर बघितलं की श्वास अडकायचा. वासे सरळ नव्हते. वाकलेले होते, दोन्ही बाजूंनी येऊन मधल्या तुळईला मिळालेले, जसं गलबत पालथं घातलंय आणि आपण त्याच्या पोटात बसलोय. ते गलबतच होतं. एक जुनं गलबत मोडीत निघालं तेव्हा दाऊद मिस्त्रींनी त्याच्या फळ्या आणि बरगड्या मागून घेतल्या आणि दोन पावसाळ्यांच्या मधल्या दिवसांत, एकही खिळा न वापरता, छप्पर जोडलं. दादी सांगायची, "मी रोज भाकरी घेवून जायची. वर बसलेला असायचा, माकडावानी." ह्याच्यापुढं ती सांगायची नाही.

तर सलीमभाई कुवेतहून आले ते एक टेपरेकॉर्डर आणि एक गुंडाळलेला नकाशा घेऊन. तिकडं काम करणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या पोरांनी वर्गणी काढली होती. जुनं छप्पर उतरवायचं, सिमेंटचा स्लॅब टाकायचा, वर हिरवा घुमट, दोन बाजूंना दोन मिनार. माणूस वाईट नव्हता हं. त्यांना मनापासून वाटायचं की खाडीपलीकडून येणाऱ्याला आपली मशीद दिसली पाहिजे. "बाहेरचा माणूस येतो आणि विचारतो, हे गोडाऊन कुणाचं? लाज वाटते, काकी." कंत्राटदार येऊन बघून गेला होता आणि वाशांना बोट लावून एकच शब्द म्हणाला होता, जळाऊ. तो शब्द दादीपर्यंत पोचला. तिसऱ्या दिवशी तिनं मला आणि आईला बोलावलं, नारळ किसायला बसवलं आणि जाहीर केलं, "शुक्करवारी नमाज झाल्यावर मुतवल्लीला नि सगळ्यांना इथं बोलावलंय. सांदण खायला." मशिदीच्या बैठकीत तिला कोण बसवणार होतं? पण खायला बोलावलं की पुरुष येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी सात जण ओसरीवर येऊन बसले. मुतवल्ली अब्दुलचाचा मधोमध. मशिदीचा कारभार त्यांच्याकडे, शब्दही त्यांचाच शेवटचा. शेजारी नकाशा मांडीवर घेऊन सलीमभाई. बाकीचे पाच जण ताटलीकडे लक्ष ठेवून. अण्णा आमच्या दुकानाच्या पायरीवरून बघत होते. दादी डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही बोलता, घुमट नाय तर मशीद नाय. माझा पोर दुनिया फिरला. ह्या बघा दुनियेच्या मशिदी. एकासारखी दुसरी हाय का?" आणि तिनं एकेक दाखवायला सुरुवात केली. मातीची. तिचे पोपट. मी आतल्या दारात उभी होते. माझ्या हातातला नारळ खाली पडला. लाल-पांढरी, तिची सासू-सून. एक म्हातारा गालात हसला. मग तो शंखासारखा मिनार आला आणि दादीनं लठ्ठ राजाला गाढवावर बसवलं.

"गाढव?" सलीमभाई म्हणाले. "मशिदीच्या मिनारावर गाढव? काकी, हे सांगितलं कुणी?"

"इब्बूनं लिवलाय. ही पोर वाचते."

"इब्बूनं?" सलीमभाई हसत सुटले. "अहो, तो आणि मी एका बाकावर बसायचो. 'माझी गाय' निबंधाला त्यानं लिहिलं होतं, गाय दूध देते. संपला निबंध! मास्तरांनी कोंबडा केला होता त्याला." सगळे हसले. अब्दुलचाचासुद्धा. आणि त्या हसण्यातच सलीमभाईंनी तीन छपरांच्या चित्रावर बोट ठेवलं, "आणि ही तर मशीदच नाही. चिनी लोकांचं देऊळ आहे हे. इब्बूला फसवून विकलंय कुणीतरी."

दादीचं बोट हवेत तसंच राहिलं. तिनं सगळा डाव त्या एका चित्रावर लावला होता. बाकीची अठरा नुसती वाजंत्री होती. "शैले," ती म्हणाली, "सांग त्यांना. काय लिवलाय मागं?"

आता बघा, मी त्या क्षणी काहीही सांगू शकले असते. तोंड उघडलं असतं तर गोष्ट आपोआप बाहेर पडली असती. पण ओसरीवरची सगळी माणसं आता माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी खरं बोलले तरी ते खोटंच दिसणार होतं. शिवाय खरं काय होतं, ते मला माहीतच नव्हतं.

"मी ते वाचलंच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"हे कार्ड उलटून बघितलं नाही. अण्णांनी चिकटवून टाकलं."

"नि बाकीची?"

"बाकीच्यांवर... मी बरा आहे, तब्येत सांभाळा. एवढंच आहे दादी. सगळ्यांवर एवढंच." मला रडायला यायला लागलं, आणि रडताना नाक वाहतं म्हणून जास्त राग येत होता. "गाढव माझं. पोपट पण माझे."

सलीमभाईंनी नकाशाची गुंडाळी सोडायला सुरुवात केली. दादी माझ्याकडे क्षणभर बघून वळली आणि तिनं खुंटीवरून ती फ्रेम काढून माझ्या पुढ्यात धरली. "फोड," ती म्हणाली.

"फोडायची नाही! उघडायची असते!" समोरून अण्णा पक्कड घेऊन धावत आले. त्यांच्या मालावर कुणी हात टाकलेला त्यांना खपत नसे. खिळे उपटले, काच बाजूला ठेवली, आणि पुठ्ठ्यावरचं कार्ड नखानं टोकरून बघितलं. मग मान ताठ करून, जरा समाधानानंच म्हणाले, "निघायचं नाही. माझा सरस आहे तो. ओढाल तर फाटेल." त्या माणसाला त्या वेळी वाईट वाटावं की अभिमान, हे कळत नव्हतं.

तेव्हा आतून आईचा आवाज आला. "वाफेवर धर गं. हळूहळू सुटतं. पाकीट उघडतो तसं."

अण्णांनी दाराकडे बघितलं. "पाकीट कोण उघडतं वाफेवर?"

आई चुलीत लाकूड सारायला लागली. माझी आत्या ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायची आणि भावाला लांबलचक पत्रं लिहायची, बहुतेक आईविरुद्धच. ती पत्रं आमच्याकडे नेहमी जराशी दमट आणि सुरकुतलेली यायची. अण्णा पोस्टाला शिव्या घालायचे. त्या दुपारी, हातात पक्कड घेऊन उभ्या असलेल्या अण्णांच्या चेहऱ्यावर दहा वर्षांची पत्रं एकामागून एक उघडत गेली. पण बोलायला वेळ नव्हता. मी पुठ्ठा घेऊन चुलीपाशी गेले. सांदणाचं दुसरं भांडं वाफेवर होतं. आईनं झाकण सरकवलं आणि मी पुठ्ठा त्या वाफेत धरला. गुळाचा, नारळाचा आणि सरसाचा असा तिन्हींचा मिळून एक वास सुटला, तो मी आयुष्यात पुन्हा घेतला नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. बोटं भाजत होती. एक कोपरा उचलला. मग दुसरा. आई सुरीच्या पाठीनं आतून सोडवत होती, भाकरी तव्यावरून सोडवावी तशी. शेवटी कार्ड सुटलं. पाठ तपकिरी झालेली, चिकट, पण बॉलपेनाची अक्षरं जागच्या जागी. आणि ती एक ओळ नव्हती. मुंगीएवढ्या अक्षरांत कार्ड काठापर्यंत भरलं होतं.

मी बाहेर येऊन वाचायला तोंड उघडलं तर सलीमभाई म्हणाले, "ही नको." बरोबरच होतं. अब्दुलचाचांनी चष्मा लावला, कार्ड दोन बोटांत धरलं आणि अडखळत वाचलं. मला ते पाठ आहे.

"अम्मी, मी बरा आहे. ही जावा बेटावरची डेमाकची मशीद. बंदरातून बसनं गेलो. फार जुनी आहे. घुमट नाही. एकावर एक तीन छपरं आहेत, सगळं लाकूडकाम. आत चार मोठे खांब आहेत. त्यातला एक अखंड नाही, तुकडे जोडून केलाय. लोक सांगतात, एका वलीबाबानं उरलेले तुकडे गोळा करून तो बनवला. अब्बा गलबताच्या फळ्या जोडायचे ते आठवलं. नमाज झाल्यावर त्या खांबाला टेकून बसलो. बस चुकली. तब्येत सांभाळा."

एका म्हाताऱ्याच्या हातातलं सांदण अर्ध्यावर थांबलं होतं. आणि मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं होतं. त्या माणसानं एकोणीस कार्डांत एकदाच तोंड उघडलं होतं, आणि त्याच वेळी मी तीन भावांची गोष्ट सांगत बसले होते. दादी इतके महिने त्या चित्रासमोरून जात-येत होती आणि तिच्या मुलाचे शब्द काचेमागे, अण्णांच्या सरसात बुडून पडले होते.

अब्दुलचाचांनी कार्ड उलटंपालटं करून चित्र पुन्हा बघितलं. "तुकडे जोडून," ते स्वतःशीच म्हणाले. मग सलीमभाईंना विचारलं, "तुझा कंत्राटदार दाऊदमियांच्या वाशांना काय म्हणाला होता?"

सलीमभाई नकाशा पुन्हा गुंडाळायला लागले.

"तुला विचारतोय."

"जळाऊ म्हणाला होता, चाचा."

"मी लहान असताना त्या वाशांवर तेल लावायला चढलोय," अब्दुलचाचा म्हणाले. "मलाही विसर पडला होता. कौलं बदलू. दोन वासे कुजलेत ते बदलू. छप्पर राहील." आणि मग सलीमभाईंचा पडलेला चेहरा बघून, कारण वर्गणी काढणारी पोरं शेवटी गल्लीचीच होती, म्हणाले, "तुझा घुमट फाटकावर बसव. रस्त्यावरून दिसेल सगळ्यांना." तो बसवला. अजून आहे, हिरवागार. दादी त्याला मरेपर्यंत सलीमचा टोप म्हणायची, आणि सलीमभाईही शेवटी तसंच म्हणायला लागले.

माझी शिक्षा दुसऱ्या दिवशी ठरली. दादीनं मला बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला. बोटीच्या कंपनीचं मुंबईचं हापीस होतं, तिथं दिलेलं पत्र कधी ना कधी बोटीवर पोचायचं. आजवर तिनं मुलाला एकही पत्र पाठवलं नव्हतं. काय लिहायचं, तो येतोच आहे की. "आता मी सांगणार नि तू लिवणार," ती म्हणाली. "माझाच शब्द. तुझ्या पदरचा एक जरी घातलास तर ह्या घरात पाय ठेवायचा नाय." मी कान धरून कबूल केलं. पेन उघडलं.

"लिव. इब्बू, तुझं मोठं कार्ड पोचलं. अब्बाचं छप्पर राहिलं."

मी लिहिलं. दादीनं बाहेर बघितलं. मशिदीवर दोघं जण जुनी कौलं उतरवत होते.

"लिव. सलीम जाम भांडला. मी त्याच्यावर असा डोळा वटारला की तो घाबरून मागं मागं गेला, नि हौदात पडला."

माझं पेन थांबलं. "दादी, हौद मशिदीत आहे. आपण तर इथं ओसरीवर होतो."

"लिवलंस?"

"पण तो पडला नाही."

"अगो, तो पोर पाण्यात एकटा बसून वाचणार. छप्पर राहिलं, तब्येत सांभाळ, एवढ्यात त्याला काय मजा?" तिनं माझ्यापुढं सांदणाची ताटली सरकवली. "टोपीसकट पडला, लिव. नि सगळी माणसं बघत होती. चाळीस माणसं."

ओसरीवर माणसं सात होती. मी शपथेला जागून, एक शब्दही पदरचा न घालता, चाळीस लिहिलं.